कानसेनांची कमान

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. पोरं तोंडावर 'मास्तर' म्हणत आणि पाठीमागं 'कानसेन'. पाठीमागचं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते कानावर पडलं की मास्तर मान खाली घालून उगाच हातमोजे झटकत बसायचे, कारण हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. आपल्याला कौतुक आवडत नाही असं म्हणणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये. मास्तरांना आवडायचं, आणि आवडत नाही असं ते म्हणायचेही नाहीत.

हुद्दा वेल्डरचा. दरवर्षी कॉलेजातली वीस-पंचवीस मुलंमुली मिळून शर्यतीची एक गाडी बनवायची. एका माणसाची, उघड्या चाकांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. डिझाइन मुलांचं, इंजिनाशी मारामारी मुलांची, आपापसातली भांडणंही मुलांचीच. वर्षाच्या शेवटी अशा कॉलेजाकॉलेजांच्या गाड्या एका मोठ्या मैदानावर जमत. तिथं आधी कडक तपासणी व्हायची आणि तीत पास झालेल्या गाड्याच धावायच्या. गाडीचा सांगाडा म्हणजे पोलादी पाइपांचा पिंजरा, आणि तो जोडायला मास्तर. एका टोकाला जास्त उष्णता गेली तर अख्खा पिंजरा केळीच्या पानासारखा वळतो, म्हणून आधी इथं एक टाका, मग पार तिकडे एक टाका, असं ते गाडीभोवती फिरत राहायचे. त्यांनी जोडलेला पिंजरा कधी वाकडा निघाला नाही.

'कानसेन' नाव पडलं ते पाइपांवरून. वर्कशॉपच्या रॅकवर दोन जातींचे पाइप असत. बाहेरून दोन्ही सारखे, पंचवीस मिलिमीटरचे. फरक सगळा पोटात. एकाची जाडी अडीच मिलिमीटर, दुसऱ्याची पावणेदोन. जाड पाइप ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या कमानीसाठी, कारण गाडी उलटली तर सगळा भार त्या कमानीवर येणार. पातळ पाइप बाकीच्या पिंजऱ्याला, कारण शर्यतीच्या गाडीत फुकटचं वजन कुणालाच नको असतं. जाडाच्या टोकाला लाल रंग लावलेला, पातळाच्या टोकाला पिवळा. पण कापाकापी झाली की तुकड्यांना कुठला रंग? मग पोरं तुकडा घेऊन मास्तरांकडे यायची. मास्तर तो बोटावर तोलून धरत, छोट्या पान्यानं एकदा टक् करून वाजवत आणि दुसरीकडेच बघत सांगत, "पिवळा. पातळ आहे, ठेव तिकडे." सुरुवातीच्या बॅचेस मागाहून व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, लावून खात्री करायच्या. दरवेळी मास्तर बरोबर. पुढं पुढं व्हर्नियर लावणं हाच मास्तरांचा अपमान ठरला, आणि सीनियर पोरं ज्युनियरांना दम देऊ लागली, "मास्तरांनी वाजवलंय ना? मग गप जोड."

आता तीस वर्षं ग्राइंडरच्या किंचाळीत काढलेल्या माणसाचे कान किती दिवस शाबूत राहणार? आधी डावा गेला. मग उजवाही हळूहळू बसायला लागला. घरी टीव्हीचा आवाज वाढत गेला, बायको म्हणायला लागली, "मी भिंतीशी बोलते की काय!" आणि मास्तर म्हणायचे, "तूच हल्ली पुटपुटतेस." एकदा जेवणाच्या सुट्टीत, वर्कशॉप रिकामं असताना, त्यांनी एक लाल टोकाचा आणि एक पिवळ्या टोकाचा पाइप घेऊन पाळीपाळीनं वाजवून बघितले. दोन्हींचा आवाज एकच. टक्, आणि पुढं काही नाही. पूर्वी पातळ पाइप जरा वेळ गुणगुणत राहायचा, ते गुणगुणणं कुठं गेलं ते त्यांना कळेना. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि मग पाइप जागेवर ठेवून डबा उघडला. जेवण गेलं नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर दोन वर्षं ते पाइप वाजवत राहिले आणि हळूच टोकाचा रंग बघून किंवा हातानं वजन तोलून सांगत राहिले. पोरांना काही कळलं नाही. उलट "मास्तर आता कान न टवकारताही सांगतात" अशी कीर्ती आणखी वाढली.

एका माणसाला मात्र कळलं होतं. त्यांच्या मुलीला. ती याच कॉलेजात शिकत होती, गाडीच्या टीममध्ये होती आणि शेवटच्या वर्षी सांगाड्याचं सगळं काम तिच्याकडे होतं. वर्कशॉपमध्ये ती बापाला 'मास्तर' म्हणायची आणि घरी 'बाबा'. कधीतरी, केव्हापासून ते कुणाच्या लक्षात आलं नाही, ती त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला आणि उजवीकडेच बसून जेवायला लागली होती. बोलली कधीच नाही. टीममध्ये तिचं नाव 'मोजपट्टी'. कारण ही बया सगळं मोजायची. आलेला बोल्ट मोजायची, दुकानदारानं लिहून दिलेलं मोजायची, दुसऱ्यानं मोजलेलं परत मोजायची. टीमचा कप्तान वैतागून म्हणायचा, "हिच्या लग्नात ही नवऱ्याची उंची दोनदा घेणार." पण सांगाड्याचं काम तिच्याकडे आलं तेव्हा सगळ्यांत निवांत झोपला असेल तो कप्तानच.

त्या वर्षी कमान वाकवून आणायला बाहेरच्या कारखान्यात दिली होती. तिथल्या कारागिरानं शहाणपणा केला, म्हणजे खरोखरचा शहाणपणा. जाड पाइप बिघडू नये म्हणून आधी पातळ पाइपावर वाकवून माप जमतंय का ते बघितलं, मग खरी कमान वाकवली, आणि दोन्ही पाठवून दिल्या. टोकं दोन्हींची सारखी कापलेली. लाल, पिवळा, सगळा रंग कारखान्यातच राहिला. सकाळी टीम वर्कशॉपमध्ये आली तर भिंतीला टेकून दोन कमानी उभ्या. उंचीला, वळणाला, रुंदीला हुबेहूब.

"मास्तर, यातली खरी कुठली?" कप्तानानं विचारलं.

सगळी टीम गोल करून उभी. नवीन पोरं तर कानसेनांची करामत बघायला पुढं सरकलेली. मास्तरांनी पाना उचलला. डावीकडची वाजवली. टक्. उजवीकडची वाजवली. टक्. रंग शोधायला नजर टोकांकडे गेली, टोकं कोरी. तुकडा सहज बोटावर तोलता येतो, पण अख्खी कमान उचलून इतक्यांच्या देखत कानसेन वजन करणार? एवढ्यात उजव्या हाताला लेक येऊन उभी राहिली. हातात व्हर्नियर.

"मास्तर, मोजू का मी एकदा?"

तिनं हळूच विचारलं होतं, मदत म्हणून. हे त्यांना त्या क्षणीही कळलं. पण माणसाच्या नाकाला मिरची झोंबली की कळलेलंही वळत नाही.

"का? आता तू मला शिकवणार? तुझ्या जन्माच्या आधीपासून पाइप वाजवतोय मी. ठेव ते खिशात."

पोरं हसली. तिनं व्हर्नियर खिशात ठेवला. मास्तरांनी डाव्या कमानीकडे बोट दाखवलं, "ही." दोघा पोरांनी ती उचलून जिगवर, म्हणजे पाइप पक्के धरणाऱ्या साच्यावर, चढवली. शेजारची उचललीच नाही, तर वजनातला फरक कळणार कुणाला? संध्याकाळपर्यंत चढवलेल्या कमानीची दोन्ही टोकं खालच्या पाइपांना जोडून बंदही झाली.

पुढं कमानीला तपासणीचं बारीक भोक पाडायचं असतं. ते लेकीनंच पाडलं. त्या भोकातून तार घालून जाडी बघता आली असती. पण बापानं चारचौघांत सांगितल्यावर त्याच्या पाठीमागून माप लावायचं तिच्या जिवावर आलं. जन्मात एकदा मोजपट्टीनं मोजलं नाही, ते हे. तपासणीच्या फॉर्मवर 'मोजलेली जाडी' या रकान्यात तिनं अडीच लिहिलं आणि खाली सही केली.

गाडी झकास झाली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ड्रायव्हरनं पाच सेकंदांत गाडीतून बाहेर पडायचा नियम आहे, त्याचा सराव करकरून गाडी चालवणाऱ्या कप्तानाचे गुडघे सोलवटले. ट्रकमध्ये गाडी चढली, टीम गेली. जाताना लेक बापाच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "बाबा, तिथून फोन करते."

तपासणीच्या दिवशी सकाळी मास्तर वर्कशॉप आवरत होते. भिंतीशी ती उरलेली कमान होती. ती रॅकवर ठेवायला म्हणून त्यांनी एका हातानं उचलायला घेतली आणि ती हाताला जड लागली. त्यांनी खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग शिकाऊ पोरासारखे कपाटाकडे गेले, व्हर्नियर काढला, टोकाला लावला आणि चष्मा वर करून आकडा वाचला. अडीच.

ते तिथंच स्टुलावर बसले. पहिला विचार पोरीचा आला असं लिहायला मला आवडलं असतं. पण पहिला विचार आला तो असा, की आता सगळ्यांना कळणार. दुसरा विचार कप्तानाचा. त्या पातळ कमानीखाली तो बसणार, आणि गाडी उलटली तर? हा विचार आला तेव्हा मात्र ते ताडकन उठले. त्यांनी फोन काढला, नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार तोच तिकडून फोन आला.

"बाबा," लेक म्हणाली. मागं गाड्यांचा आवाज होता. "कमान पातळ निघाली. तपासनीसांनी मशीन लावून बघितलं. आपली गाडी धावणार नाही. इथं बदलताही येणार नाही."

"पोरी, ती माझी..."

"ऐका माझं. मी सांगितलंय की कमानी मीच बघितल्या होत्या आणि माझ्याकडून अदलाबदल झाली. सही माझीच आहे. तुम्ही आता मध्ये बोलू नका. तुमच्या निवृत्तीला दीडच वर्ष राहिलंय. कानांची तपासणी करा म्हणाले तर उद्याच तुम्हाला मशीनवरून काढतील."

"तुला माहीत होतं?"

"बाबा, ठेवते. सगळे वाट बघतायत."

मागच्या गाड्यांच्या आवाजामुळं ती ओरडून बोलत होती की त्यांना ऐकू यावं म्हणून, ते त्यांना विचारायचं राहूनच गेलं. आणि ते बोलले नाहीत. फोनवर नाही, टीम परत आली तेव्हा नाही, टीमचं काम बघणाऱ्या सरांनी सगळ्यांना बोलावून झाडाझडती घेतली तेव्हाही नाही. त्या वेळी मास्तर दहा पावलांवर ग्राइंडरची चकती बदलत होते. चकती बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यांना अर्धा तास लागला.

पंचवीस जणांचं वर्ष पाण्यात गेलं होतं. चार दिवस मैदानावर दुसऱ्यांच्या गाड्या धावताना बघत बसलेली पोरं ती. कुणी तिला शिव्या घातल्या नाहीत, तेवढी ती सभ्य होती. फक्त तिच्याशी बोलणं बंद झालं. टीमच्या फोटोत ती कडेला उभी राहिली आणि फोटो लावताना कड कापली गेली. मुद्दाम की चौकटीत बसेना म्हणून, कोण सांगणार? सरांनी तिला नोकरीसाठी शिफारसपत्र देतो म्हटलं होतं. ती दोनदा मागायला गेली, दोनदा 'बघू' ऐकून आली, तिसऱ्यांदा गेली नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं स्वप्न होतं पोरीचं. मिळाली ती नोकरी पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात.

वर्कशॉपमध्ये भिंतीवर नवा नियम लागला. दोघांनी मोजल्याशिवाय जोड नाही. आणि नियमामागोमाग शब्दही आला. कुणी न मोजता काही बसवलं की पोरं ओरडायची, "ए, मोजपट्टी केलीस का?" पुढच्या बॅचच्या पोरांना तर ठाऊकही नव्हतं की मोजपट्टी नावाची कुणी मुलगी होती. हा शब्द दिवसातून दोन-तीनदा तरी मास्तरांच्या समोर उच्चारला जायचा. बाकीचं कितीही चुकलं तरी हा एक शब्द त्यांचे गेलेले कान बरोबर पकडायचे.

बायकोला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागत नसे. एका संध्याकाळी ताट वाढता वाढता ती म्हणाली, "तुमची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून पोरीची अब्रू उघड्यावर टाकलीत ना?"

"तिनंच सांगितलं, बोलू नका म्हणून."

"ती लेक आहे, ती म्हणणारच. तुम्ही बाप आहात. तुम्ही ऐकायचं होतं होय?"

लेक समोर जेवत होती. तिनं मान वर केली नाही. पण तिचा घास हातातच थांबला, आणि मास्तरांना लख्ख कळलं की ही गेले कित्येक महिने वाट बघतेय. बोलू नका म्हणाली ती एका दिवसापुरती. त्यानंतर रोज जेवताना, चहा घेताना ती उजव्या बाजूला बसून वाट बघत होती, की बाबा आपणहून कधी म्हणतील. आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवत होते.

"निवृत्तीच्या दिवशी सांगतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "आता काय." आणि उठून हात धुवायला गेली.

निवृत्तीचा समारंभ कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. जुन्या बॅचेसची कितीतरी पोरं आली. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या कडेवर मूल. कप्तानही आला होता, चांगल्या कंपनीत लागला होता. सरांनी भाषण केलं, घड्याळ दिलं, कानसेनांचे किस्से सांगितले. लेक आईबरोबर मागच्या रांगेत बसली होती. मग मास्तर बोलायला उभे राहिले. आयुष्यात कधी माइक धरला नव्हता, वेल्डिंगच्या काडीसारखा लांब धरून उभे राहिले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "त्या वर्षी गाडी बाद झाली ती माझ्यामुळं. कमान मी निवडली. पोरगी मोजू का म्हणाली होती, मी तिला गप्प केलं. माझे कान तेव्हाच गेले होते. ते मी लपवलं. तिनं सगळं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तिची चूक नाही. माझी चूक आहे."

एक क्षण मास्तरांना वाटलं, झालं, सुटली पोर. मग सर उठले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून माइक घेतला.

"बघा," ते म्हणाले, "बाप असावा तर असा. जाता जाता लेकीची चूकसुद्धा स्वतःच्या नावावर करून चाललाय!"

टाळ्या सुरू झाल्या. "नाही, नाही, अहो खरंच," मास्तर म्हणत होते, पण माइक सरांच्या हातात होता. कानसेनांचे कान चुकू शकतात हे त्या हॉलमध्ये कुणाला पटणारच नव्हतं. तीस वर्षं त्यांनीच पटू दिलं नव्हतं. पोरं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मागच्या रांगेत दोघीच बसून राहिल्या.

समारंभानंतर दाराशी त्यांनी कप्तानाला गाठलं. दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. शेजारी लेक उभी होती.

"तू तर होतास ना तिथं, कमान वाजवली तेव्हा? तू तरी खरं मान. ती व्हर्नियर घेऊन आली होती. आठव."

कप्तान आठवत होता की नाही, देव जाणे. पाच-सहा वर्षं रोज शेकडो गोष्टी मोजल्या, वाजवल्या, त्यातली ती एक सकाळ. त्यानं मास्तरांचा हात प्रेमानं थोपटला आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून वाकून, उजव्या कानाशी, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मास्तर, नका त्रास करून घेऊ. आम्ही तिला केव्हाच माफ केलंय."

मास्तरांना शब्द न शब्द ऐकू आला. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"थँक्यू," ती कप्तानाला म्हणाली, आणि बापाचा हात धरून पायऱ्या उतरायला लागली.